सॉफ्टवेअरचा ‘एंड यूजर’ नेमका कोण? बिल बेळगावचं, वापर शिनोळीत आणि मोजणी कराराच्या कागदावर

सॉफ्टवेअर कंपन्यांकडून हल्ली एक साधा दिसणारा प्रश्न येतो : ‘तुमच्याकडे एंड यूजर किती?’ कधी तो लायसन्सच्या नूतनीकरणावेळी येतो, कधी ‘लायसन्स तपासणी’ असं गोंडस नाव दिलेल्या पत्रातून. लहान कारखान्यात किंवा संस्थेत हा ई-मेल अकाउंटंटकडे जातो. तो टेबलं मोजतो, आकडा टाकतो आणि उत्तर पाठवून मोकळा होतो. पुढे वाद झाला, तर हाच आकडा आपल्या विरोधातला पहिला कागद ठरतो.

प्रश्न किती फसवा आहे, हे एका हिशेबावरून पाहू. समजा, सीमाभागात एक क्रेडिट सोसायटी आहे. कार्यालयात १२ कॉम्प्युटर, त्यावर आळीपाळीनं काम करणारे १८ कर्मचारी. गावोगावी फिरून पैसे गोळा करणारे ४० पिग्मी एजंट. त्यांच्या हातातल्या मशीनमधून रोजची जमा थेट सोसायटीच्या सर्व्हरवर जाते. शिवाय ३,००० सभासद मोबाइलवर आपली शिल्लक बघतात.

आता सांगा, एंड यूजर किती? १२, १८, ५८ की ३,०५८?

चारही आकडे बरोबर असू शकतात. कुठला लागू होईल, हे किबोर्डवर किती जणांची बोटं पडतात यावर ठरत नाही. सही केलेल्या करारात ‘यूजर’ या शब्दाची जी व्याख्या छापली आहे, त्यावर ठरतं. ही व्याख्या बहुतेकांनी वाचलेली नसते. सीमाभागात तर त्यात आणखी एक गुंता आहे. इथं मालक एका राज्यात, कारखाना दुसऱ्या राज्यात आणि विक्रीचं दुकान तिसऱ्या राज्यात, हे रोजचंच चित्र आहे.

कायद्यात ‘एंड यूजर’ आहे का?

आपल्याकडे सॉफ्टवेअरला संरक्षण मिळतं ते १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली. कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा या कायद्यात साहित्यकृती या सदरात येतो. गंमत अशी, की या कायद्यात एंड यूजर अशी व्याख्या नाही. कलम ५२ मध्ये शब्द आहे तो प्रतीचा ‘कायदेशीर ताबा असणारा’. ज्याच्याकडे प्रोग्रॅमची प्रत रीतसर आली आहे, त्यानं ती ज्या कामासाठी दिली आहे त्या कामापुरती कॉम्प्युटरवर उतरवणं, किंवा खराब होईल या भीतीनं एखादी राखीव प्रत काढून ठेवणं, याला कायदा उल्लंघन मानत नाही.

म्हणजे कायदा दोनच गोष्टी विचारतो : प्रत तुमच्याकडे रीतसर आली का, आणि ज्या कामासाठी दिली त्याच कामाला ती वापरता का? किती माणसांनी वापरायची, कुठल्या शाखेत वापरायची, एजंटानं वापरली तर चालेल का, यावर कायदा गप्प आहे. ती जागा करार भरून काढतो. आणि करार लिहितो कोण? विकणारा.

बेंगळूरचा खटला, दिल्लीचा निकाल

भारतात ‘एंड यूजर’ हा शब्द सर्वोच्च न्यायालयात खऱ्या अर्थानं गाजला तो एका कर्नाटकी खटल्यामुळे. इंजिनिअरिंग अॅनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स या बेंगळूरच्या कंपनीनं अमेरिकेतून तयार सॉफ्टवेअर आणलं आणि स्वतःच्या कामाला वापरलं. प्राप्तिकर खात्याचं म्हणणं पडलं, की परदेशी कंपनीला दिलेले पैसे ही ‘रॉयल्टी’ आहे, म्हणून पैसे पाठवताना कर कापून घ्यायला हवा होता. प्रकरण २००१-०२ च्या करआकारणी वर्षापासूनचं. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०११ मध्ये खात्याची बाजू उचलून धरली. दिल्ली उच्च न्यायालयाचा कल मात्र उलट होता. एकाच देशात, एकाच व्यवहाराकडे दोन उच्च न्यायालयं दोन नजरांनी बघत होती.

शेवटी २ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी लिहिलं. अशी बरीच अपिलं एकत्र ऐकण्यात आली होती. न्यायालयानं त्यांचे चार गट पाडले. पहिल्या गटात भारतातला वापरणारा थेट परदेशी कंपनीकडून सॉफ्टवेअर घेतो. दुसऱ्यात भारतातला वितरक आणतो आणि इथल्या वापरणाऱ्याला विकतो. तिसऱ्यात मधला वितरकही परदेशीच असतो. चौथ्यात सॉफ्टवेअर यंत्राच्या पोटात बसूनच येतं.

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : एंड यूजरला फक्त वापरण्याची मुभा मिळते. तो आपल्या यंत्रावर प्रोग्रॅम उतरवून काम करू शकतो. त्याच्या प्रती काढून विकू शकत नाही. कॉपीराइट मूळ मालकाकडेच राहतो. त्यामुळे दिलेले पैसे हे वस्तूची किंमत आहेत, रॉयल्टी नव्हे. आणि वितरक? त्याला तर वापरण्याचाही हक्क नसतो. तो पुढे विकण्यापुरताच मालक, म्हणून तो एंड यूजरच नाही. कागदावर ‘लायसन्स’ असा शब्द असला तरी खरा व्यवहार काय आहे ते बघायचं, ही या निकालाची दिशा आहे.

याचं बीज १७ वर्षं आधी हैदराबादशी जोडलेल्या दुसऱ्या खटल्यात पडलं होतं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात ५ नोव्हेंबर २००४ रोजी घटनापीठानं ठरवलं, की सीडीवर घालून विकलं जाणारं तयार सॉफ्टवेअर ‘माल’ आहे आणि त्यावर विक्रीकर लागू शकतो. बेंगळूरच्या खटल्यातही या विचाराचा आधार घेतला गेला.

आता महत्त्वाची गोष्ट. २०२१ च्या निकालानं एंड यूजर म्हणजे काय हे सांगितलं. एंड यूजर किती हे सांगितलं नाही. तो वाद करखातं आणि ग्राहक यांच्यातला होता. सॉफ्टवेअर कंपनी आणि ग्राहक यांच्यात मोजणीवरून भांडण झालं, तर हा निकाल तुमची १२ टेबलं वाचवायला येत नाही. उलट, वापराची मुभा करारानं घातलेल्या मर्यादेतच मिळते, हे तो अधोरेखित करतो. ‘पैसे भरून घेतलंय, आता कसंही वापरू’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मोजपट्ट्या किती प्रकारच्या?

दूध लिटरनं मोजतात, कापड मीटरनं. सॉफ्टवेअर कशानं मोजायचं हे मात्र विकणारा ठरवतो, आणि तो मोजपट्टी बदलूही शकतो. आपल्या भागात रोज दिसणाऱ्या मोजपट्ट्या अशा :

यंत्रागणिक. एका कॉम्प्युटरला एक लायसन्स. नव्या लॅपटॉपसोबत येणारं विंडोज बहुधा त्याच यंत्राला बांधलेलं असतं. टॅलीची एका कॉम्प्युटरची ‘सिल्व्हर’ आवृत्ती घेऊन ती तीन टेबलांवर चालवता येत नाही. एकाच कार्यालयातल्या जोडलेल्या कॉम्प्युटरांसाठी ‘गोल्ड’ आहे. इथं माणसं किती हे कोणी विचारत नाही.

माणसागणिक. लायसन्स नावानिशी. आज बहुतेक क्लाउड सॉफ्टवेअर असंच विकतात. रमेशच्या नावाचं लॉगिन सुरेशनं वापरलं, तर काम एकच झालं तरी करार मोडला. दोन पाळ्यांत तीन मुलं एकाच लॉगिनवर बसतात, हे आपल्याकडे सर्रास चालतं. करार नावानिशी असेल, तर तिथं तीन लायसन्स लागतात.

एका वेळी किती. माणसं कितीही असोत, एका क्षणी ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त जण आत नसावेत. पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याला ही पद्धत सर्वांत सोयीची. पण ती मागे पडते आहे. कॅड ड्रॉइंगच्या धंद्यातल्या ऑटोडेस्कनं २०२० पासून अशी सामायिक लायसन्स बंद करत माणसागणिक मोजणीकडे मोर्चा वळवला. पाळ्यांत काम चालवणाऱ्यांना ही पद्धत महाग पडते.

यंत्र किंवा माणूस, निवड तुमची. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी जोडून काम करायचं, तर सर्व्हरच्या लायसन्सबरोबर प्रत्येक वापरणाऱ्याचं वेगळं लायसन्स लागतं. ते यंत्रागणिक घ्यायचं की माणसागणिक, हे ग्राहक ठरवतो. आपल्या सोसायटीत १२ कॉम्प्युटरवर १८ जण बसतात. तिथं यंत्रागणिक घेतलं तर १२ पुरतात. एकच संचालक लॅपटॉप, मोबाइल आणि टेबलावरचा कॉम्प्युटर असे तिन्ही वापरत असेल, तर त्याच्यापुरतं माणसागणिक स्वस्त. एवढी साधी आकडेमोड न करता विक्रेत्यानं सांगितलं ते घेतलं, की वर्षानुवर्षं जास्तीचे पैसे जातात.

मध्ये दुसरं सॉफ्टवेअर ठेवलं तर?

इथं खरी मेख आहे. पुष्कळांना वाटतं, मूळ महागड्या सॉफ्टवेअरला फक्त दोन जण हात लावतात. बाकीचे आपण बनवून घेतलेल्या छोट्या अॅपमधून माहिती टाकतात. म्हणजे एंड यूजर दोनच.

याच मुद्द्यावर इंग्लंडमध्ये मोठा खटला झाला. एसएपी ही जर्मन सॉफ्टवेअर कंपनी एका बाजूला आणि जॉनी वॉकर बनवणारी डियाजिओ दुसऱ्या बाजूला. डियाजिओनं २००४ मध्ये एसएपीचं व्यवसायाचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. पुढे तिनं सेल्सफोर्सच्या व्यासपीठावर दोन नवी साधनं तयार केली. एक फिरत्या विक्री प्रतिनिधींसाठी, दुसरं ग्राहकांना स्वतःची ऑर्डर नोंदवण्यासाठी. दुकानदार एसएपीचा पडदा कधी बघतही नव्हता. पण त्यानं नोंदवलेली ऑर्डर शेवटी जाऊन बसायची ती एसएपीमध्येच.

१६ फेब्रुवारी २०१७ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयानं दायित्वाच्या मुद्द्यावर निकाल दिला : हा अप्रत्यक्ष असला तरी वापरच आहे. कारण करारातल्या ‘यूजर’च्या व्याख्येत थेट किंवा अप्रत्यक्ष, दोन्ही शब्द होते. कंपनीचे नोकर सोडाच, व्यवहारातली त्रयस्थ माणसंसुद्धा त्यात बसत होती. एसएपीचा दावा होता सुमारे ५ कोटी ४५ लाख पौंडांचा.

इंग्लंडचा निकाल भारतातल्या कोर्टावर बंधनकारक नाही. पण त्यातला धडा आपल्याला लागू आहे, कारण मोठ्या कंपन्यांचे करारनामे जगभर एकाच साच्यातले असतात. मायक्रोसॉफ्टच्या नियमांतही हेच तत्त्व आहे : मध्ये दुसरं सॉफ्टवेअर किंवा यंत्र घातलं, म्हणून लागणाऱ्या लायसन्सची संख्या कमी होत नाही.

त्या निकालानंतर ग्राहकांत एवढी घबराट उडाली, की एप्रिल २०१८ मध्ये एसएपीनं अप्रत्यक्ष वापरासाठी वेगळी मोजपट्टी आणली. त्यात माणसं मोजायची नाहीत. ऑर्डर, बिल यांसारखे नऊ प्रकारचे दस्तऐवज किती तयार झाले ते मोजायचं. म्हणजे इथं एंड यूजर हा प्रश्नच बाजूला पडला, कागद मोजले जाऊ लागले.

आता आपल्या पिग्मी एजंटाकडे परत या. तो सोसायटीच्या सर्व्हरला स्वतः हात लावत नाही. त्याच्या हातातलं मशीन लावतं. करारात ‘अप्रत्यक्ष’ हा एक शब्द असेल, तर ४० एजंट मोजणीत आले. मोबाइलवर शिल्लक बघणारा सभासदही त्याच दारातून आत येऊ शकतो. मोठे विक्रेते अशा बाहेरच्या लोकांसाठी वेगळं लायसन्स ठेवतात; पण ते मागितल्याशिवाय पदरात पडत नाही.

हातच लावत नाही, तरी मोजणीत

जावाचं उदाहरण याहूनही पुढचं. ओरॅकल कंपनीनं जानेवारी २०२३ मध्ये आपल्या जावाच्या वार्षिक वर्गणीची मोजणी बदलली. आता जावा किती कॉम्प्युटरवर आहे किंवा किती जण वापरतात, हे बघितलं जात नाही. संस्थेत एकूण माणसं किती, तेवढे पैसे. आणि ‘कर्मचारी’ या शब्दात कायम, अर्धवेळ आणि हंगामी लोकांबरोबर संस्थेच्या अंतर्गत कामाला हातभार लावणाऱ्या एजंट, कंत्राटदार आणि सल्लागार यांची माणसंही धरली आहेत. तेव्हा जाहीर झालेला दर ९९९ पर्यंतच्या संख्येला माणशी महिना १५ डॉलर होता.

हिशेब करून बघू. आपली सोसायटी हे पैसे भरायचं जावा वापरत असेल आणि फक्त १८ कर्मचारी धरले, तर वर्षाला ३,२४० डॉलर. ४० पिग्मी एजंटही धरले, तर १०,४४० डॉलर. सॉफ्टवेअर तेच, कॉम्प्युटर तेच, काम तेच. फरक पडला तो ‘एजंट’ या एका शब्दाचा अर्थ काय लावायचा, एवढ्यावर.

सगळंच जावा विकत घ्यावं लागतं असं मुळीच नाही. ओपनजेडीके या नावानं मिळणारं मुक्त जावा बहुतेक कामांना पुरतं आणि त्याला असा दर नाही. आपल्या कॉम्प्युटरवर कुठलं आहे, हे सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याकडून लेखी घ्यावं. तो घाईत कुठलंही उतरवून देतो आणि पत्र मात्र आपल्या पत्त्यावर येतं.

एजंट कोणाचा माणूस?

‘हा माणूस आमचा नाही, कमिशनवर आहे’ हे उत्तर आपल्या भागात नवीन नाही. पिग्मी ठेव योजना सुरू झाली १९२८ मध्ये, किनारी कर्नाटकात, सिंडिकेट बँकेकडून. हे पैसे गोळा करणारे बँकेचे कोण, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १३ फेब्रुवारी २००१ च्या निकालात न्यायालयानं त्यांना औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘कामगार’ मानलं. मात्र नियमित नोकरीत सामावून घेण्याची मागणी मान्य केली नाही.

म्हणजे एकच माणूस एका कायद्यापुरता कामगार, बँकेच्या हजेरीपटावर मात्र नाही. सॉफ्टवेअरच्या करारात तो तिसऱ्याच नात्यानं उभा राहतो. त्यामुळे ‘आमच्या पगारपत्रकावर नाही’ हे लायसन्सच्या मोजणीत उत्तर होऊ शकत नाही. करार पगारपत्रक बघत नाही, स्वतःची व्याख्या बघतो.

राज्याची सीमा मध्ये आली की

सीमाभागातल्या धंदेवाल्यांना यात आणखी एक पदर सोडवावा लागतो. उद्यमबागेत मुख्य कार्यालय, चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत शेड आणि पणजीला विक्री कार्यालय, अशी एखादी फर्म धरा. पॅन एकच. सॉफ्टवेअरच्या कराराच्या नजरेत ती एकच व्यक्ती आहे. त्यामुळे करारात एका जागेचं बंधन नसेल, तर तिन्हीकडे वापर ‘आपलाच’.

जीएसटीचं गणित मात्र वेगळं. तिथं एकाच पॅनवर तीन राज्यांत तीन नोंदण्या असतील, तर त्या तीन निरनिराळ्या व्यक्ती मानल्या जातात. वर्षाकाठी वर्गणी भरून घेतलेलं सॉफ्टवेअर ही सेवा, त्यावर कर १८ टक्के. बिल बेळगावच्या नावावर आणि वापर शिनोळीत, मग त्या कराचं क्रेडिट कोणाचं?

याबाबत १ एप्रिल २०२५ पासून नियम कडक झाला आहे. सगळ्या शाखांसाठी मिळून बाहेरून घेतलेल्या सेवांचं बिल एका कार्यालयाकडे येत असेल, तर त्या कार्यालयानं ‘इनपुट सर्व्हिस डिस्ट्रिब्युटर’ म्हणून वेगळी नोंदणी करायची आणि क्रेडिट शाखांना वाटून द्यायचं. पूर्वी हा पर्याय होता, आता ते बंधन आहे. वाटणीचा नियमही स्पष्ट आहे. सेवा एकाच शाखेनं वापरली असेल, तर सगळं क्रेडिट तिचंच. अनेक शाखांनी वापरली असेल, तर त्यांच्या उलाढालीच्या प्रमाणात.

म्हणजे कॅडचं लायसन्स बेळगावनं घेतलं, पण ते चालतं फक्त शिनोळीच्या शेडमध्ये, तर जीएसटीच्या हिशेबात ‘वापरणारी’ शाखा शिनोळीची. क्रेडिट महाराष्ट्रातल्या नोंदणीकडे जायला हवं. आपल्या भागात किती फर्म मुख्य कार्यालयाच्या नावानं सगळी बिलं घेऊन तिथंच क्रेडिट लावून मोकळ्या होतात, हे आपले कर सल्लागार जाणतात. उद्या नोटीस आली, तर ‘सॉफ्टवेअर कोण वापरतं’ याचा पुरावा लागेल, आणि तो लायसन्सच्या यादीतूनच निघेल.

भावाच्या नावावरची फर्म किंवा मुलाची प्रायव्हेट लिमिटेड मात्र वेगळी व्यक्ती. घर एक, दार एक, अगदी कॉम्प्युटरही एक असला, तरी लायसन्स आपलं म्हणून ते भावाच्या फर्मला आपोआप चालत नाही. काही करार ‘संलग्न कंपन्यां’ना परवानगी देतात, पण त्यासाठी बहुधा मालकीचं प्रमाण ठरवलेलं असतं. नात्यागोत्याला तिथं जागा नाही.

फौजदारीची बाजू

मोजणीचा वाद सहसा पैशांचा असतो. कंपनी फरक मागते, घासाघीस होते, तडजोड होते. लायसन्सच नसलेली प्रत वापरणं ही वेगळी गोष्ट. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३-ब, जे १९९४ च्या दुरुस्तीनं आलं, त्यासाठीच आहे. उल्लंघन करून काढलेली प्रत जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात झालेला नसेल, तर कोर्ट खास कारण नोंदवून कैद टाळू शकतं. म्हणजे ही सवलत धंदेवाल्याच्या उपयोगाची नाही.

फाउंड्रीला पॅटर्नची ड्रॉइंगं करून देणाऱ्या लहान जॉबवर्कवाल्यांनी हे नीट समजून घ्यावं. डिप्लोमाला असताना विद्यार्थी म्हणून मोफत मिळालेलं कॅड शिकण्यापुरतं असतं. त्यावर गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग काढून बिल फाडलं, की ‘ज्या कामासाठी दिलं ते काम’ ही कलम ५२ मधली अट तुटली. मुलगा म्हणेल, मालकानं सांगितलं. मालक म्हणेल, लॅपटॉप मुलाचा आहे. पण कलम ६९ नुसार कंपनी किंवा फर्मकडून गुन्हा झाला, तर त्या वेळी कारभार बघणारा माणूसही जबाबदार धरला जातो. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे त्यानं सिद्ध करायचं असतं.

सही करण्याआधी

यावर उपाय फार खर्चिक नाही. कागद वाचावा लागतो, एवढंच. सॉफ्टवेअर घेताना किंवा नूतनीकरण करताना विक्रेत्याला हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तर ई-मेलवर घ्या.

१. मोजणी कशाची? यंत्रांची, नावांची, एका वेळच्या वापराची, एकूण माणसांची की दस्तऐवजांची?

२. ‘अप्रत्यक्ष वापर’ मोजता का? आमचं अॅप, पिग्मी मशीन, ग्राहकांचं पोर्टल यांतून येणारी माहिती धरता का?

३. एजंट, कंत्राटी कामगार, बाहेरचा अकाउंटंट आणि ऑडिटर हे यूजर आहेत का?

४. दुसऱ्या राज्यातली शाखा आणि घरातली दुसरी फर्म, यांतल्या कुणाला वापरता येईल?

५. माणूस नोकरी सोडून गेला किंवा कॉम्प्युटर बदलला, तर लायसन्स दुसऱ्याला देता येतं का?

विक्रेता तोंडानं ‘चालतंय हो, काही होत नाही’ म्हणेल. त्याला ‘तेवढं लिहून द्या’ म्हणा. बेंगळूरच्या निकालानंच सांगितलंय, की वितरक स्वतः एंड यूजर नसतो. त्याच्या तोंडी भरवशावर केलेल्या वापराचा हिशेब मूळ कंपनी आपल्याकडे मागते, त्याच्याकडे नाही.

आणि तपासणीचं पत्र आलंच, तर त्याच दिवशी आकडा पाठवू नका. आधी करार शोधा, त्यातली व्याख्या वाचा, त्या व्याख्येप्रमाणे मोजा. उत्तर देताना कुठल्या कलमाप्रमाणे मोजलं तेही लिहा. कमी आकडा लिहून फसवणं जितकं धोक्याचं, तितकंच न वाचता जास्त आकडा कबूल करणं नुकसानीचं.

सीमाभागातल्या माणसाला आपली गणती कोणत्या यादीत, कोणाच्या बाजूनं होते, याची जाणीव कोणी करून द्यायला नको. जनगणनेच्या फॉर्मवर मातृभाषेचा रकाना तो डोळ्यांत तेल घालून भरून घेतो. सॉफ्टवेअरच्या करारातला ‘यूजर’चा रकानाही तेवढ्याच सावधपणे वाचला, तर संस्थेचे आणि पर्यायानं सभासदांचे पैसे वाचतील. पिग्मी एजंटानं दारोदार फिरून गोळा केलेले पैसेच शेवटी या बिलात जातात.